एका वॉल्ट्झची तबकडी : लय, पट्टी आणि भाव

मागील प्रकरणांत आपण पाश्चात्त्य संगीतातील ताल, स्वरपंक्ती आणि स्वरसंवाद यांची तोंडओळख करून घेतली. आता ही तिन्ही अंगे एकाच रचनेत कशी एकवटतात आणि ती रचना तबकडीवर उतरली म्हणजे त्यांचे काय होते, हे पाहावयाचे आहे. यासाठी जगभर ऐकली गेलेली एक लहानशी रचना घेऊ. फ्रान्त्स लेहार यांच्या ‘द मेरी विडो’ या ऑपरेटामधील नायक-नायिकेचा वॉल्ट्झ ही ती रचना.

ऑपरेटा म्हणजे हलक्याफुलक्या कथानकाची संगीतिका. ऑपेरात बहुधा सारे काही गायले जाते; ऑपरेटात मात्र पात्रे गद्यात बोलतात आणि प्रसंग रंगात आला की गाऊ लागतात. १८८० साली रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. भेद आहे तो नृत्याचा. व्हिएन्नाच्या ऑपरेटाचा प्राण नृत्यात असतो आणि त्या नृत्यांत वॉल्ट्झला अग्रस्थान आहे.

कथाप्रसंग

लेहार यांचा जन्म १८७० साली डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम या गावी झाला. वडील लष्करी वाद्यवृंदाचे प्रमुख होते आणि मुलानेही पुढे काही वर्षे तेच काम केले. १९०२ साली एका नृत्यसमारंभासाठी रचलेल्या ‘गोल्ड अँड सिल्व्हर’ या वॉल्ट्झने त्यांचे नाव झाले. ३० डिसेंबर १९०५ रोजी व्हिएन्नातील ‘थिएटर आन डेअर वीन’ या नाट्यगृहात ‘द मेरी विडो’चा पहिला प्रयोग झाला. मित्सी ग्युंथर आणि लुई ट्रॉयमान यांनी प्रमुख भूमिका केल्या. १९०७ साली लंडनमध्ये इंग्रजी रूपांतर आले, त्याचे ७७८ प्रयोग झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या प्रयोगांची संख्या ४१६ वर गेली.

कथानक थोडक्यात असे : पाँतेवेद्रो नावाचे एक काल्पनिक, दरिद्री राज्य आहे. तेथील एका धनाढ्य सावकाराची तरुण विधवा हाना ही पॅरिसला आली आहे. तिने एखाद्या परदेशी माणसाशी विवाह केला, तर तिची दोन कोटींची संपत्ती राज्याबाहेर जाईल आणि राज्य बुडेल. म्हणून वकिलातीतील दानिलो या उमरावाने तिच्याशी लग्न करावे, अशी राजदूताची खटपट चालू आहे. पूर्वी या दोघांचे एकमेकांवर प्रेम होते. परंतु ती सामान्य घरची म्हणून दानिलोच्या घराण्याने विरोध केला. आता ती श्रीमंत आहे आणि नेमके हेच आडवे येते. आता प्रेम व्यक्त केले तर ते पैशासाठी आहे असे तिला वाटेल, या अभिमानापोटी दानिलो मौन धरून बसतो. तीही आपण होऊन काही बोलत नाही.

वॉल्ट्झचे स्थान या मौनात आहे. दुसऱ्या अंकात ही चाल शब्दांवाचून येते आणि दोघे तिच्यावर नाचतात. तिसऱ्या अंकात तिला शब्द मिळतात. त्या शब्दांचा आशयही असाच, की मुखाने जे उच्चारले नाही ते व्हायोलिने सांगून गेली आहेत. म्हणजे या नाटकात संगीत हे भावनेचे अलंकरण नव्हे. जे बोलता येत नाही ते बोलण्याचे तेच एक साधन आहे. ध्वनिमुद्रिका ऐकताना हे पक्के ध्यानात ठेवावे, कारण लय आणि पट्टी यांची योग्यायोग्यता आपण याच कसोटीवर घासणार आहोत.

लय

वॉल्ट्झचा ताल तीन मात्रांचा. पाश्चात्त्य लिपीतील दोन उभ्या रेषांमधील एका मापाला आपण सोयीसाठी ‘आवर्तन’ म्हणू. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर खर्जातील वाद्य आघात करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेवर मधली वाद्ये स्वरसंवाद हलकेच उमटवतात. आपल्या दादऱ्यातही तीन-तीन मात्रांचे दोन भाग असतात. परंतु तेथे पहिल्या भागावर सम आणि दुसऱ्यावर काल अशी भरी-खालीची योजना आहे. वॉल्ट्झमध्ये खाली नाही. प्रत्येक आवर्तनाचा पहिला आघात ‘भरी’चाच असतो. म्हणून दादऱ्यात झोका आहे, तर वॉल्ट्झमध्ये गरगर फिरण्याचा वेग आहे.

लय मोजण्याची सोपी रीत अशी की, घड्याळ समोर ठेवून एका मिनिटात किती आवर्तने होतात हे मोजावे. नृत्यस्पर्धांतील जलद, म्हणजे ‘व्हिएनीज’ वॉल्ट्झमध्ये मिनिटाला सुमारे ५८ ते ६० आवर्तने होतात, म्हणजे जवळजवळ १८० मात्रा. संथ वॉल्ट्झमध्ये हीच संख्या २८ ते ३० इतकी उतरते. सोळा आवर्तनांचे एक कडवे मिनिटाला ६० आवर्तनांच्या गतीने १६ सेकंदांत संपेल. ४० च्या गतीने २४ सेकंद आणि ३० च्या गतीने ३२ सेकंद लागतील. स्वर तेच, परंतु एकाच कडव्यासाठी श्रोत्याच्या वाट्याला येणारा काळ दुप्पट होऊ शकतो.

योहान स्ट्राउस यांच्या पिढीचा वॉल्ट्झ मुख्यतः नाचणाऱ्या समुदायासाठी होता. लेहार यांनी या ठिकाणी संथपणाकडे झुकणारी मध्यम लय स्वीकारली. प्रसंग दोघांचा आहे, समुदायाचा नव्हे. लय फार जलद ठेवली तर दोघे केवळ नाचतात. त्यांना एकमेकांकडे पाहण्यास वाव राहत नाही. फार मंद ठेवली तर पाऊल अडखळते, नृत्य थांबते आणि उरते ते केवळ विरहगीत. नृत्य चालू राहावे आणि तरीही मनातील संकोच ऐकू यावा, अशी अरुंद वाट येथे शोधावी लागते.

लयीविषयी आणखी एक गोष्ट केवळ घड्याळाने कळत नाही. व्हिएन्नाच्या वादकांची परंपरा अशी की, दुसरी मात्रा किंचित आधी वाजवावयाची आणि तिसरीपूर्वी जरासा अवकाश ठेवावयाचा. तीन मात्रा समान अंतराने येत नाहीत. हा फरक इतका सूक्ष्म असतो की लिपीत तो लिहिला जात नाही. ठेका धरणाऱ्याच्या हाताला तो ठाऊक असावा लागतो. शिवाय गायक एखाद्या उंच स्वरावर क्षणभर रेंगाळतो आणि वाद्यवृंद त्याच्यासाठी थांबतो. म्हणून एका तबकडीची ‘लय’ एका आकड्यात सांगणे अपुरे आहे. सरासरी गती, मात्रांमधील ही असमानता आणि जागोजागचे थांबणे, अशा तीन गोष्टी स्वतंत्रपणे टिपून ठेवाव्यात.

पट्टी

मूळ लिपीत तिसऱ्या अंकातील युगुलगीत ‘जी मेजर’मध्ये आहे. हार्मोनियमच्या भाषेत सांगावयाचे तर षड्ज ‘पांढरी पाच’वर धरला आणि सारे स्वर शुद्ध घेतले, म्हणजे बिलावल थाटाची स्वरपंक्ती घेतली, की ही चौकट तयार होते. इंग्रजी संज्ञेत आधारस्वर आणि स्वरपंक्ती या दोन्हींचा समावेश असतो. आपला ‘पट्टी’ हा शब्द मुख्यतः आधारस्वर सुचवितो. या प्रकरणात तो दोन्ही अर्थांनी वापरला आहे, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

खालच्या वाद्यांतील स्वरसंवाद मुख्यतः दोन स्थानांमध्ये ये-जा करतात. एक विश्रांतीचे स्थान : सा, ग, प. दुसरे ओढीचे स्थान : प, नी, रे, म. दुसऱ्या स्थानातील निषाद वर षड्जाकडे आणि मध्यम खाली गंधाराकडे ओढला जातो. ती ओढ पहिल्या स्थानावर येऊन शमते. भारतीय श्रोता स्वरांमधील ही ओढ एकाच आलापरेषेत ऐकतो. येथे ती अनेक वाद्यांत एकाच वेळी वाटली जाते. विश्रांतीवर येण्यास विलंब होईल तितकी अधीरता वाढते. नायक-नायिकेच्या न बोललेल्या शब्दांचे संगीतातील रूप हेच.

पांढरी पाचच का, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. आजच्या समविभाजित स्वरपद्धतीत सर्व मेजर पट्ट्यांतील अंतरे सारखीच असतात. त्यामुळे केवळ गणिताने एक पट्टी आनंदी आणि दुसरी उदास ठरत नाही. फरक पडतो तो वाद्यांमुळे. व्हायोलिनच्या चार तारा पंचमाच्या अंतराने जुळवलेल्या असतात आणि सर्वांत खालची तार याच पांढरी पाचची असते. तिच्या वरची तार तिच्या पंचमाची. म्हणून या पट्टीत षड्ज आणि पंचम हे दोन्ही मुख्य स्वर मोकळ्या तारांवर मिळतात. बोटाने न दाबलेली तार मोकळेपणाने झंकारते आणि शेजारच्या तारांनाही आपल्याबरोबर कंप देते. ज्या गीतात व्हायोलिनांनी मनोगत सांगावयाचे आहे, त्याला ही पट्टी किती मानवते हे यावरून दिसेल.

गायकासाठी मात्र पट्टी ही गळ्याची सोय असते. दानिलोची भूमिका कधी उंच आवाजाचा टेनर करतो, तर कधी मध्यम आवाजाचा बॅरिटोन. लंडनच्या प्रयोगांत ती भूमिका करणारे जोसेफ कॉइन गायक म्हणून फारसे समर्थ नव्हते. काही गीते ते ठेक्यात बोलून दाखवीत, आणि तरीही प्रयोग अफाट चालला. स्वतंत्र गीत म्हणून ध्वनिमुद्रण करताना चाल वरच्या किंवा खालच्या पट्टीत नेण्याची प्रथाही सर्रास होती. तेव्हा तबकडीवर ऐकू येणारी पट्टी ही लेखकाचीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

तबकडी काय करते

येथून आपल्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. तबकडी हा तटस्थ साक्षीदार नव्हे.

जुन्या तबकडीवर लय आणि पट्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. तबकडी अधिक वेगाने फिरवली तर गाणे लवकर संपते आणि स्वरही चढतो. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की स्वर एका अर्धस्वराने वर जातो. मिनिटाला ७८ फेरे हा वेग पुढे रूढ झाला; परंतु सुरुवातीच्या दशकांत निरनिराळे कारखाने ७० च्या आसपासपासून ८० च्या वरपर्यंत वेगवेगळ्या वेगांनी मुद्रण करीत. समजा, एक तबकडी ७४ फेऱ्यांनी मुद्रित झाली आणि आपण ती ७८ ने वाजवली. वेग सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढला. पांढरी पाचची पट्टी जवळजवळ काळी चारवर पोहोचली. मिनिटाला ४० आवर्तनांची गती ४२ झाली. आवाजही बदलला, भरदार गळा पातळ आणि कोवळा वाटू लागला. श्रोता म्हणेल, ‘त्या काळचे गायक किती हलक्या, उत्साही आवाजात गात!’ तो उत्साह गायकाचा नसून यंत्राच्या चक्राचा असेल.

यावर उपाय आहे. प्रथम छापील लिपीतील पट्टी पाहावी. नंतर तबकडी जेथे शेवटी विसावते तो स्वर हार्मोनियमवर शोधावा. दोन्ही जुळले तर वेग बहुधा बरोबर आहे. अर्ध्या स्वराचा फरक निघाला तर दोन शक्यता उरतात : गायकाने पट्टी बदलली, किंवा तबकडीचा वेग चुकला. वेग बदलून पाहावा आणि त्याच गायकाच्या इतर तबकड्यांशी आवाज ताडून पाहावा. ज्या वेगावर गळ्यातील कंप आणि शब्दोच्चार स्वाभाविक वाटतील तो वेग खरा मानावा. थोडीशी सूट मात्र ठेवावी लागते, कारण आधारस्वराचे प्रमाणही स्थिर नव्हते. १८८५ साली व्हिएन्ना येथील परिषदेने ‘ए’ या स्वरासाठी सेकंदाला ४३५ कंपनांचे प्रमाण मान्य केले. १९३९ साली लंडनच्या परिषदेने ४४० ची शिफारस केली. हा फरक अर्धस्वराच्या पाचव्या भागाइतकाच असला, तरी काटेकोर तुलनेत तो जाणवतो.

दुसरी मर्यादा काळाची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चार मिनिटांहून थोडी अधिक. ९६ आवर्तनांचा वॉल्ट्झ मिनिटाला ३० च्या गतीने ३ मिनिटे १२ सेकंद घेईल आणि दहा इंची तबकडीवर मावणार नाही. ३६ च्या गतीने तो २ मिनिटे ४० सेकंदांत आटोपेल. अशा वेळी संचालकापुढे दोनच मार्ग असत : एखादे कडवे गाळावे किंवा लय वाढवावी. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा आपल्या गायक-गायिकांनाही ख्याल याच तीन मिनिटांत आवरावा लागला होता. जुन्या तबकडीवरील घाई ही त्या काळची अभिरुची होती, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी घड्याळाकडे पाहणे इष्ट ठरते.

तिसरी मर्यादा ध्वनीची. १९२५ पूर्वी मुद्रण विजेवाचून होत असे. वादक एका मोठ्या कर्ण्याभोवती दाटीवाटीने बसत. कर्ण्याला खर्जाचे तंतुवाद्य नीट पकडता येत नसे, म्हणून त्याचे काम पुष्कळदा ट्यूबा हे पितळी वाद्य करी. वॉल्ट्झची पहिली मात्रा खर्जावरच उभी असते, हे आपण वर पाहिले. तंतूचा मऊ आघात जाऊन पितळी फुंकर आली की सारा ठेकाच लष्करी वाद्यवृंदासारखा भासतो. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, १९४८ साली मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीस फेऱ्यांच्या दरम्यान फिरणारी दीर्घ तबकडी आली आणि ही बंधने सैल झाली. १९५३ साली ओटो आकरमान यांच्या आणि १९६२ साली लोव्ह्रो फॉन माताचिच यांच्या संचालनाखाली लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाने ‘द मेरी विडो’चे मुद्रण केले. दोन्हींत हानाची भूमिका एलिझाबेथ श्वार्त्सकोफ यांची आहे. दानिलो मात्र पहिल्यात एरिख कुन्त्स आणि दुसऱ्यात एबरहार्ड वेख्टर. पहिले मुद्रण एका वाहिनीचे, दुसरे दोन वाहिन्यांचे. नायिका आणि वाद्यवृंद तेच असल्यामुळे ही जोडी अभ्यासासाठी फार सोयीची आहे.

भाव कोठे असतो?

मेजर पट्टी म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख, असे समीकरण प्राथमिक पुस्तकांत आढळते. आपला वॉल्ट्झ त्याला सहज छेद देतो. स्वर सारे शुद्ध असूनही तो निव्वळ आनंदाचा नाही. त्यात हुरहुर आहे. ती लयीच्या आवरण्यातून, ओढीच्या स्वरसंवादांवर थांबण्यातून आणि मुख्यतः प्रसंगातून येते.

प्रसंग बदलला की भावही बदलतो. १९४३ साली आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’ या चित्रपटात हाच वॉल्ट्झ सूत्रासारखा वापरला आहे. त्यातील खलपुरुष श्रीमंत विधवांचा खून करणारा आहे. संगीतकार दिमित्री तिओमकिन यांनी चालीला दिलेले वळण असे, की ओळखीची गोड चालच भयाची चाहूल देऊ लागते.

याहून कठोर उदाहरण इतिहासाने दिले आहे. ‘द मेरी विडो’ हा हिटलरचा आवडता ऑपरेटा होता. लेहार यांच्या पत्नी ज्यू कुळातील होत्या. लेहार यांच्या कीर्तीमुळे त्यांचा बचाव झाला. पहिल्या प्रयोगात दानिलोची भूमिका करणारे लुई ट्रॉयमान यांचा मात्र ज्यू असल्यामुळे छळ झाला आणि १९४३ साली तेरेझिनश्टाट येथील छावणीत त्यांचा अंत झाला. ज्या नटाने ही मौनाची प्रीती प्रथम रंगभूमीवर आणली, तो अशा रीतीने मारला गेला; आणि त्याच वेळी त्याच राजवटीत ते सूर कौतुकाने ऐकले जात होते. चाल निरागस असते, तिचा उपयोग निरागस असतोच असे नाही. संगीताची गोडी माणसाला आपोआप सहृदय बनवते, या समजुतीला येथे जबरदस्त धक्का बसतो. याचा अर्थ वॉल्ट्झ ऐकू नये असा नव्हे. भाव हा तबकडीत साठवलेला पदार्थ नाही. रचनाकार, गायक, यंत्र, काळ आणि श्रोता या सर्वांच्या संबंधातून तो दर वेळी नव्याने घडतो, एवढे यातून समजून घ्यावयाचे.

वाचकासाठी अभ्यास

ग्रंथालयात किंवा अन्यत्र या वॉल्ट्झची दोन मुद्रणे मिळवावीत. दोन्ही प्रथम काही न लिहिता ऐकावीत आणि प्रत्येकाविषयी एका शब्दात भाव नोंदवावा. दुसऱ्यांदा ऐकताना सोळा आवर्तनांना लागणारे सेकंद मोजावेत. नऊशे साठ या संख्येला त्या सेकंदांनी भागले की मिनिटाला होणारी आवर्तने मिळतात. तिसऱ्यांदा ऐकताना शेवटचा विसावा हार्मोनियमवर शोधून पट्टी ठरवावी. चौथ्यांदा गायक कोठे थांबतो आणि वाद्यवृंद त्याच्यासाठी कसा थांबतो, तेवढेच पाहावे. मग पहिला शब्द पुन्हा वाचावा. तो बदलावासा वाटला, तर कोणत्या नोंदीमुळे वाटला हे शोधावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आजच्या अंकीय तंत्राने पट्टी न हलवता लय बदलता येते आणि लय न हलवता पट्टी. जुन्या तबकडीत एकीची चूक दुसरी उघड करीत असे. आता ती साक्ष उरलेली नाही. म्हणून नव्या स्वरूपात आलेले जुने मुद्रण ऐकताना ते कोणत्या मूळ तबकडीवरून आणि कोणत्या वेगाने घेतले आहे, याची सोबतच्या माहितीत विचारणा करावी. ती माहिती देणारे प्रकाशन अधिक विश्वसनीय समजावे.

पुढील प्रकरणात आपण चार मात्रांच्या मार्चकडे वळू. तेथेही प्रथम घड्याळ आणि हार्मोनियम ही दोन साधने जवळ ठेवावीत.